आयेची नागली

या घरात येऊन मला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षांत माझ्या सासूनं मला सगळं दिलं. चूल दिली, शिव्या दिल्या, बाळंतपणात महिनाभर स्वतःच्या हातानं अंघोळ घातली. एक गोष्ट तेवढी दिली नाही. आढ्याला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यातलं नागलीचं बी.

माझी सासू भागीबाई. मी तिला आत्या म्हणते. आमचं गाव सुरगाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. नागली, म्हणजे नाचणी, इथं सगळेच लावतात, पण आत्याची नागली वेगळी. ती तिला तिच्या आईनं लग्नात पदरात ओतून दिली होती, आणि तिच्या आईला तिच्या आईनं. आत्याच्या माहेरचा हा रिवाज. हे बी आईकडून लेकीकडं जातं, सुनेकडं नाही. द्यायचं तर सगळं द्यायचं, भोपळा उपडा करायचा. लेक ते सासरी पेरते, खाते, आणि पहिल्या पिकातून आईचा भोपळा पुन्हा भरून देते. तोवर आईच्या घरात त्या बियाचा दाणा नसतो.

"आणि लेकीचं पीक बुडालं तर?" मी एकदा विचारलं होतं.

"येवढा भरवसा नसंल तर लेक कशाला म्हनायची?" आत्या म्हणाली.

आत्याला लेक झाली होती. ती सटवाई पुजायच्या आत गेली. नंतर एकटा धनराज, माझा नवरा. म्हणजे बी द्यायला कुणी नव्हतंच. तरी आत्या दर वर्षी घरामागच्या एका वाफ्यात ती नागली लावायची, तेवढंच बी काढायची आणि भोपळ्यात भरून ठेवायची. आम्ही तिला 'आयेची नागली' म्हणायचो. त्या वाफ्यात मला पाय टाकायची मुभा नव्हती. लग्नानंतरच्या पावसाळ्यात मी हौसेनं खुरपायला गेले, तर म्हणाली, "तुझं काम नाय ते." मीही तोंडाची फटकळ. म्हटलं, "कोणासाठी जपता मग? कोंबड्यांसाठी?" त्या रात्री आत्या जेवली नाही. मीही जेवले नाही, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या माहेरी बी-बियाणं काही नव्हतं. आईबाप वीटभट्टीवर जायचे, दिवाळी झाली की घराला कुलूप. माझी आई मला काय ओतून देणार होती, विटांचा चुरा?

मग टेसा आली. न्यूझीलंडची पोर, चोवीस वर्षांची, एका संस्थेकडून आमच्या शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायला. गावात पक्कं न्हाणीघर आमचंच, म्हणून राहायला आमच्याकडं. पहिल्या दिवशी पोरांनी तिच्या हातावरचे तांबूस ठिपके मोजायचा प्रयत्न केला आणि मोजता मोजता इंग्रजी आकडे शिकली. तेव्हाच मला कळलं, ही शिकवणार. फळ्यापेक्षा ती शाळेबाहेर जास्त असायची. पोरं तिला ओढ्यावर न्यायची, खेकडा दाखवायची, ती त्याचं इंग्रजी नाव सांगायची, पोरं तिला आपलं सांगायची. महिन्याभरात पोरं म्हशीशी इंग्रजीत बोलायला लागली. म्हशीही ऐकत होत्या म्हणे.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायकांचा वर्ग भरायचा. मी अंगणवाडीत सेविका आहे. आता सगळी माहिती मोबाईलवर भरावी लागते, त्यामुळं मला इंग्रजीची गरज होती आणि मी मान मोडून शिकले. शेजारची झुंबरबाई गंमत म्हणून यायची. आत्याही यायची. कुठल्याही प्रश्नाला तिचं उत्तर एकच, "येस." तुमचं नाव काय? येस. किती गायी आहेत? येस. टेसा हसून लोटपोट व्हायची आणि आत्याच्या मांडीवर डोकं टेकायची. माझ्या लेकानंही, रविराजनं, आत्याच्या मांडीवर डोकं भीत भीतच ठेवलं होतं. ही मात्र आली तशी टेकली.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काही अडत नव्हतं. पावसाळ्यात एक दिवस मी अंगणवाडीतून आले तर टेसा गुडघाभर चिखलात, त्या वाफ्यात. आत्या रोपं देतेय आणि ती लावतेय. वेडीवाकडी, दोन बोटांऐवजी चार बोटांवर. आत्या काही म्हणाली नाही. मी बांधावर उभी राहिले. मला कुणी ये म्हणालं नाही, आणि मी आले असं कुणी पाहिलंही नाही.

कार्तिकात टेसानं कणसं खुडली, बडवली, पाखडताना अर्धा कोंडा स्वतःच्या डोळ्यांत घालून घेतला. भोपळा भरला. मेमध्ये तिची मुदत संपली.

जायच्या दिवशी आत्यानं पहाटे अंघोळ केली, आढ्यावरून भोपळा काढला. मला वाटलं, ऊन दाखवायला काढला असेल. तर म्हणते, "ज्योत्स्ना, तुझं चांगलं लुगडं दे."

"कशाला?"

"तिला पदर नाय."

टेसा पँटमध्ये उभी. मला समजायला थोडा वेळ लागला. मग मी आत गेले, पेटी उघडली आणि माझी मोरपंखी साडी काढली, नाशिकहून भावाच्या लग्नात घेतलेली, तीनदाच नेसलेली. मीच ती टेसाला नेसवली. निऱ्या रागारागानं खोचल्या. परक्या मुलखातली पोर, अकरा महिने भाकरी खाल्ली आणि लेक झाली. मी इथं हाडं झिजवतेय ती कोण?

आत्यानं टेसाला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, पदर पसरायला लावला आणि भोपळा उपडा केला. बारीक तांबडे दाणे सळसळत माझ्या साडीत पडले. भोपळा आपटून आपटून शेवटचा दाणाही काढला. मग रिवाजाचे शब्द म्हणाली, "पेरशील, खाशील, भोपळा भरशील."

लेकीनं काय म्हणायचं ते आत्यानं तिला आधीच पाठ करून घेतलं होतं. टेसा रडत रडत म्हणाली, "भरीन, आये."

मग आत्यानं पदराला गाठ मारायला लावली, गाठ घट्ट बसली का ते चाचपून पाहिलं. जीप आल्यावर बी एका फडक्यात बांधलं, साडी माझी मला परत मिळाली. मी ती घडी करून पेटीच्या तळाशी टाकली. पुन्हा नेसायची नाही असं ठरवूनच टाकली.

चार-पाच दिवसांनी टेसाचा निरोप आला. आमच्याकडं फोनची रेंज फक्त टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथं उभी राहून वाचलं. तिनं माझ्यासाठी सोपं सोपं लिहिलं होतं. तिच्या देशात बाहेरचं बी नेता येत नाही. तिला ते आधी ठाऊक नव्हतं, विमानात कळलं. उतरल्यावर तिनं स्वतःच सांगितलं की माझ्याकडं बी आहे. त्यांनी फडकं उचललं, पेटीत टाकलं, जाळून टाकतात म्हणे. ती खूप रडली, हात जोडले, काही उपयोग झाला नाही. आजीला कसं सांगू, असं विचारलं होतं.

खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा क्षणभर मला बरं वाटलं. घ्या, करा लेक. मग ध्यानात आलं, काय गेलं ते. आत्याच्या आईची आई, तिची आई, किती बायकांच्या पदरातून आलेलं ते बी. कुठल्या तरी विमानतळावर कचऱ्याबरोबर जळलं. आणि त्या पोरीवर तरी काय रागवायचं? गप्प बसली असती तर बी वाचलं असतं. पण गप्प बसणारी असती तर आत्याला आवडलीच नसती.

मी टाकीखाली बसून रडले आणि तिला लिहिलं, तू काही सांगू नकोस, मी बघते.

काय बघणार होते? अंगणवाडीच्या बैठकीचं निमित्त करून मी आत्याच्या माहेरी जाऊन आले. तिथं कुणाकडं तरी त्या नागलीची मूठभर शिल्लक असेल असं वाटलं होतं. आत्याचा भाऊ वारलेला. भाचसुना म्हणाल्या, नागली कोण लावतंय आता, आमची सगळी स्ट्रॉबेरी. सरत्या मोसमातली शेवटची वाटीभर मला खायला दिली. मी खाल्ली आणि परत आले.

आणि घरी आले तर आत्या ओट्यावर वाट बघत. "पोरीचा फोन आला? राब भाजला का तिनं?"

राब म्हणजे रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात ती. मी म्हटलं, "तिकडं आता थंडी आहे आत्या. त्यांचं सगळं उलटं. त्यांचा पेरा आपल्या दिवाळीला."

"मंग भोपळा?"

"शिमग्याला."

आत्यानं बोटांवर हिशेब केला. "बरं. शिमग्यापत्तुर हाय मी."

त्या पावसाळ्यात घरामागचा वाफा पहिल्यांदाच मोकळा राहिला. त्यात गवत माजलं. धनराज म्हणाला, "मिरच्या लावू," तर आत्या त्याच्यावर विळा घेऊनच धावली.

दिवाळीनंतर धनराज दिंडोरीकडं द्राक्षबागेवर कामाला गेला, रविराज आश्रमशाळेत. घरात आम्ही दोघीच. आणि रोज संध्याकाळी आत्याची चौकशी. मी आधी तुटक सांगायचे. राब भाजला. पेरलं. पण आत्याला तेवढ्यावर भागायचं नाही.

"राबाला पाला कोठला आनला?"

"पाला नव्हता. मेंढ्यांच्या लेंड्या पसरल्या. तिकडं मेंढ्या लय."

आत्यानं विचार केला. "मेंढीचं खत गरम. बी पातळ टाकाया सांग तिला."

"सांगते."

दुसऱ्या दिवशी मी सांगायचे, पातळ टाकलं. मग आत्या म्हणायची, रोप वीतभर झाल्याबिगर उपटू नको म्हनावं. मी म्हणायचे, वीतभर झालं. हळूहळू मला ते शेत दिसायला लागलं. उतारावरचं, एका बाजूला दगडाचा बांध, पलीकडं मेंढ्या. अंगणवाडीतून येताना मी वाटेत ठरवायचे, आज काय सांगायचं. एकदा मी खुरपणी राहिली म्हणाले तर आत्या इतकी चिडली, की मला रात्रीतच खुरपणी उरकावी लागली. एकदा रोपं पिवळी पडली म्हणाले. आत्यानं राख टाकायला सांगितली. टाकली, आणि आठवड्यात हिरवी झाली. जी विद्या सोळा वर्षांत मला बांधावरूनसुद्धा बघू दिली नाही, ती आत्या मला रोज संध्याकाळी देत होती. टेसासाठी. मला ते कळत होतं, आणि तरी मी संध्याकाळची वाट बघायचे.

पौषात आत्या न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकला नेलं, डॉक्टर म्हणाले, छाती कमजोर आहे, या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, घरी न्या. धनराज आठवडाभर थांबला. मुकादमाचे फोनावर फोन यायला लागले, तसा डोळे पुसत परत गेला. आत्या ओट्यावर बाजेवर पडून राहिली. दुखणं मरणाचं, पण संध्याकाळ झाली की हाक.

"निसवली का?"

"निसवली, आत्या. कणसं बाहेर पडली."

"पाखरं राखते ना पोरगी?"

"राखते. शाळा सुटली की शेतातच असते."

माघ संपत आला तशी आत्याची अन्नावरची वासना उडाली. पेज दोन घोट. एके सकाळी म्हणाली, "मला कनसं दाव. फोनात माणूस दिसतं, मंग कनीस का नाय दिसायचं?"

मी रेंजचं कारण सांगितलं. "मला टेकाडावर ने," म्हणाली. मी ऊन, थंडी, दुखणं, सगळं पुढं केलं. आत्यानं औषधाची गोळी तोंडातून काढून हातावर ठेवली. दुपारी मी टाकीपाशी जाऊन टेसाला फोन लावला. म्हटलं, उद्या आणते तिला. कुठलंही गवत दाखव, कुठलंही कणीस, तिची नजर अधू झालीय. टेसा तिकडं नुसती रडत होती. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबरबाईचा नवरा रंगनाथ, आणखी दोघं आणि मी, अशा आम्ही चौघांनी बाज उचलली. जिवंत माणसाला खांद्यावर घेऊन टेकाड चढताना मला खाली बघवत नव्हतं. आत्या मात्र खुशीत. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "पोरीचं शेत बघाया चालले."

टाकीपाशी बाज टेकवली. मी फोन लावून तिच्यासमोर धरला. टेसा दिसली. मागं हिरवा उतार, मेंढ्या. मी सांगत आले होते तसाच उतार.

"आये," टेसा म्हणाली.

"दाव."

टेसाचे हात रिकामे होते. आमच्याकडं शिकलेलं मराठी जुळवत ती म्हणाली, "आये, बी नाही. विमानातून उतरले, त्यांनी घेतलं. जाळलं. मी पेरलं नाही."

आत्यानं विचारलं, "कायच नाय पेरलं?"

"नाही, आये."

रंगनाथनं तोंड फिरवलं. आत्यानं हात उचलला, फोनच्या काचेवरून टेसाच्या गालावर फिरवला. "रडू नको," म्हणाली. "जेवून घे." मग मला म्हणाली, "बंद कर."

खाली येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी बोलली नाही. तोंड भिंतीकडं. मी पाणी पाजायला गेले की ओठ मिटून घ्यायची. मला वाटलं, हे मी केलं. आधीच सांगितलं असतं तर रडली असती, मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि जगली असती. बाजेशेजारी बसून मी डोकं तिच्या अंथरुणाला टेकलं. मांडीला टेकायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी, ऊन ओट्यावर आलं तेव्हा, आत्या बोलली.

"तुला ठावं होतं."

"हो."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

"मंग लेंड्या पसरल्या, राख टाकली, पाखरं राखली, ते कोनाचं शेत?"

"माझंच, आत्या."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. तिनं माझ्याकडं एवढं कधी बघितलं नव्हतं.

"बेस पिकवलंस," म्हणाली. मग म्हणाली, "ते लुगडं नेस. त्या दिवसाचं."

मी पेटी उपसली. मोरपंखी साडी नेसले. निऱ्या जमेनात, कशाबशा खोचल्या. बाहेर आले तर आत्याचं बोट आढ्याकडं. मी स्टुलावर चढून भोपळा काढला, तिच्या हातात दिला. तो किती हलका आहे, ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

"पदर पसर."

"आत्या, त्यात काही नाही हो."

"पसर म्हनते ना."

मी बाजेपाशी गुडघ्यांवर बसले आणि पदर पसरला. तिच्या हातात बळ नव्हतं, तरी तिनं मला भोपळ्याला हात लावू दिला नाही. दोन्ही हातांनी तो माझ्या पदरावर उपडा केला. हलवला. आपटला. पुन्हा आपटला. एक दाणा पडला नाही. थोडी धूळ पडली.

"पेरशील," आत्या म्हणाली. दम लागला. "खाशील." पुढचं तिच्या तोंडून येईना. ओठ नुसते हलत राहिले, डोळ्यांतून पाणी कानांकडं ओघळलं.

मी तिच्यासाठी थांबले नाही.

"भरीन, आये," म्हटलं.

आणि त्या रिकाम्या पदराला मी गाठ मारली. आत्यानं हात लांब केला आणि ती घट्ट बसली का ते चाचपून पाहिलं.